चकली विमानाने जाते तेव्हा

दिवाळी महिन्यावर आली की पुण्या-ठाण्यातल्या फराळवाल्यांकडे पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे कढईत चकल्या, दुसरीकडे पाच-पाच किलोच्या बॉक्सना चिकटपट्टी, आणि वर पत्ते लंडनचे, न्यू जर्सीचे, सिडनीचे. लक्ष्मीपूजनाच्या आत पोचायचं म्हणून बहुतेक सगळं विमानानेच निघतं.

या बॉक्सचा कार्बन मोजून बघू. एक टन माल विमानाने एक किलोमीटर नेला की साधारण 1.1 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबई ते लंडन अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. म्हणजे किलोभर चकलीमागे 8 किलो आणि पाच किलोच्या बॉक्समागे 40 किलो. घरातला 14.2 किलोचा अख्खा सिलिंडर जाळला तरी जवळपास एवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो! तो फराळ तळायला लागलेला गॅस याच्यापुढे किरकोळच. म्हणूनच मला वाटतं, फराळाचा कार्बन कमी करायचा तर नवी शेगडी आणि कागदी पिशव्या यांच्याआधी माल कशाने जातो ते बघायला हवं.

'विमान तसंही जाणारच होतं' असं अनेकदा ऐकू येतं. ते मला पटत नाही. वाढलेल्या प्रत्येक किलोला जादा इंधन लागतंच, शिवाय फेरी परवडते का हे बघताना मालाचं भाडंही हिशेबात धरलेलं असतं.

दुसरा पर्याय जहाजाचा. जहाजाचं वजन पाणी पेलतं, इंजिनाने ते नुसतं पुढे ढकलायचं. विमानाला मात्र वजन हवेत धरून ठेवण्यासाठीही इंधन जाळावं लागतं. त्यामुळे न्हावा शेवा बंदराहून सुएझमार्गे इंग्लंड साडेअकरा हजार किलोमीटर पडलं, तरी किलोमागे कार्बन डायऑक्साइड निघतो शंभर-सव्वाशे ग्रॅम.

मग अडतं कुठे? महिन्याभराच्या प्रवासात. डेकवर उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये पारा पन्नास अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तेलाचा प्राणवायूशी संयोग होऊन फराळ खवट होतो आणि उष्णतेने ती क्रिया झपाट्याने वाढते. रात्री गार झालेल्या छतावर दव धरतं, ते पाणी बॉक्सवर ठिबकतं, आणि पाकीट नीट बंद नसेल तर चकली मऊ पडते. उपाय आहेत: पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरायचा, प्रकाश अडवणारं जाड पाकीट वापरायचं, कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या. ओल्या नारळाच्या करंज्या तरीही टिकणार नाहीत, त्या यादीतून काढाव्यात. शंकरपाळे, शेव, चकली मात्र नीट पॅक केली तर तग धरतात.

अख्खा कंटेनर भरण्याएवढा माल नसेल तर एलसीएल (म्हणजे इतरांसोबत कंटेनर वाटून घेण्याच्या) पद्धतीने त्यातली थोडी जागा घेता येते. चार-पाच जणांनी मिळून घेतली तर आणखी सोपं. पण ऑर्डर श्रावणातच घ्यायला हव्यात. आणि त्याआधी, एप्रिल-मे महिन्यात, दोन-चार पाकिटं पत्र्याच्या पेटीत घालून गच्चीवर महिनाभर ठेवा. मग फोडून चाखा.