घरात येणारी अश्लील पत्रकं: ठाणे-नवी मुंबईत तक्रार कुठे करायची, सोबत काय जोडायचं

सकाळी पेपर उघडला की आतून क्लासचं, दातांच्या दवाखान्याचं पत्रक पडतं, आणि मधूनच एखादं असं, की मुलाच्या हाती लागायच्या आत ते कुठे लपवावं कळत नाही. लेटरबॉक्समध्ये, दाराच्या जाळीत, गाडीच्या वायपरखालीही हेच. घोडबंदर रोडवरच्या संकुलांपासून ऐरोली-नेरुळच्या सिडको सोसायट्यांपर्यंत लोक चिडून पोलीस ठाण्यात जातात आणि ‘बघतो’ एवढं ऐकून परत येतात. कायदा नाही म्हणून असं होत नाही. अर्जात राग भरपूर असतो, पण पत्रकावर नेमकं काय छापलंय ते नसतं, आणि कित्येकदा तक्रार चुकीच्या खात्याकडे गेलेली असते. म्हणून आधी पत्रक नीट बघा.

पत्रक कोणत्या प्रकारचं आहे?

पहिला प्रकार उघड अश्लील चित्राचा किंवा मजकुराचा. याला भारतीय न्याय संहितेचं कलम 294 लागतं (1 जुलै 2024 च्या आधीचं भारतीय दंड विधान कलम 292). अश्लील पत्रक वाटणं हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस तो थेट नोंदवून तपास करू शकतात. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड. चित्र स्त्रीचं असेल तर स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन (प्रतिबंध) अधिनियम, 1986 सुद्धा लागू होतो. त्याच्या कलम 4 मध्ये पत्रक वाटणं आणि टपालाने पाठवणं, दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बंद पाकिटातून पोस्टाने आलं म्हणून काही करता येत नाही, हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरा प्रकार ‘मर्दानी ताकद’, ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’. चित्र फारसं नसतं, पण भाषा घरात वाचवत नाही. इथे पोलिसांकडे अश्लीलतेची तक्रार नेली की ती हमखास अडते, कारण हा विषय मुळात औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 चा आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरातच या कायद्याने बंद आहे. शब्द सभ्य आहेत की असभ्य, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायची.

तिसरा प्रकार मसाज किंवा ‘फ्रेंडशिप क्लब’चा. एक हसरा चेहरा, एक मोबाइल नंबर, बस. यात बहुतेक वेळा अश्लील ठरेल असं काहीच छापलेलं नसतं आणि कलम 294 वर हट्ट धरणारा अर्ज तिथेच मोडतो. पण त्या नंबरामागे मुलींची खरेदी-विक्री असू शकते. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही आयुक्तालयांत अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष आहे. पत्रकाची प्रत त्यांना माहिती म्हणून द्या, ‘पिटा’ (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायद्याखाली चौकशी करावी एवढं लिहा. स्वतः फोन लावून खात्री करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, क्यूआर कोड तर अजिबात स्कॅन करू नका. घरातल्या कोणी आधीच पैसे भरले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. लाजेपायी लोक गप्प बसतात आणि तोवर पैसे पुढच्या खात्यात जातात.

न आवडणारं आणि अश्लील यात कायदा फरक करतो, हे मनाला लागलं तरी मान्य करून चला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अवीक सरकार प्रकरणात सांगितलं की चित्र आजच्या समाजाच्या मापाने आणि संदर्भासकट पाहायचं. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. अंतर्वस्त्रांच्या दुकानाची किंवा कंडोमची जाहिरात घेऊन गेलात तर नकार मिळेल, आणि तो योग्यच असेल.

कोण तक्रार करू शकतो?

कोणीही. गुन्हा दखलपात्र असल्याने त्याची खबर कोणीही देऊ शकतं. घर भाड्याचं असलं तरी चालतं. सोसायटीचा ठराव लागत नाही, सेक्रेटरीची सही लागत नाही, स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र तर नाहीच नाही. लोक शे-पाचशे रुपये घालून नोटरी करून आणतात आणि मूळ पत्रक मात्र घरीच फाडून टाकलेलं असतं. हे पाहून फार वाईट वाटतं.

कागदपत्रं

मूळ पत्रक हाच खरा कागद. लॅमिनेट करू नका, पंच मारू नका, त्यावर काही लिहू नका. साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, वेळ, जागा, कोणाला मिळालं ते लिहून सही करा. पत्रक पेपरात आलं असेल तर त्या दिवशीच्या पेपराचं पहिलं पान सोबत ठेवा. शेजारच्या दोन घरांतली पत्रकंही त्याच पद्धतीने जमवा. एकच पत्रक असलं की ‘कुठूनतरी उडून आलं असेल’ म्हणायला जागा राहते. बाकी तुमचं ओळखपत्र आणि अर्जाच्या दोन प्रती.

अडतं ते सीसीटीव्हीवर. पत्रक टाकणारा कॅमेऱ्यात दिसतो, कमिटीतला कोणीतरी मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढतो, आणि पोलीस ठाण्यात विचारतात, ‘सर्टिफिकेट आणलंय का?’ हे सर्टिफिकेट म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यात 65-ब). त्याचे दोन भाग असतात. पहिला, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा कोड) त्यात लिहावी लागते. सामान्य सोसायटीकडे हे कुठून असणार? ते कोर्टात पुरावा दाखल करताना लागतं. तक्रार नोंदवायला लागत नाही, आणि त्यासाठी कोणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे. पोलीस पंचनामा करून डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) स्वतः ताब्यात घेऊ शकतात. तुमचं काम एवढंच की रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये. त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी द्या, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवावं, आणि पोच घ्या. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवा. कित्येक सोसायट्यांत ते पार भलतंच असतं आणि पुढे सगळी वेळ जुळेनाशी होते.

आता एक कळकळीची विनंती. पत्रकाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हेतू सावध करण्याचा असला तरी अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 67 खाली गुन्हा ठरू शकतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. तक्रारदारच अडकायला नको. ग्रुपवर फक्त शब्दांत लिहा. आणि चित्र लहान मुलाचं वाटत असेल तर फोटो, झेरॉक्स काहीच न काढता पाकीट थेट पोलिसांकडे न्या. ते पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं प्रकरण आहे.

पोलीस ठाण्यात

ठाणं तुमच्या घराच्या हद्दीचं. ऐरोलीकरांना रबाळे, घोडबंदर पट्ट्यात कापूरबावडी, चितळसर किंवा कासारवडवली. हद्द कळत नसली तरी तक्रार घ्यावीच लागते. हद्दीच्या नावाखाली फिरवणं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही (गुन्हा नोंदवण्याची, तपासाची पद्धत ठरवणारा कायदा) चालत नाही. अर्जात साधारण असं लिहा:

“दि. … रोजी सकाळी … च्या सुमारास इमारतीच्या तळमजल्यावरील लेटरबॉक्समध्ये सोबतचे छापील पत्रक मिळाले. त्यावर स्त्रीचे … स्वरूपाचे चित्र असून खाली … हा मोबाइल क्रमांक आहे. मुद्रकाचे नाव नाही. असेच पत्रक सदनिका क्र. … व … येथेही मिळाले. भारतीय न्याय संहिता कलम 294 व स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन (प्रतिबंध) अधिनियम, 1986 अन्वये गुन्हा नोंदवावा.”

‘आमच्या संस्कृतीवर घाला’ वगैरे लिहू नका. मुलाचं नावही त्यात ओढू नका. कलम 295, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाला अश्लील वस्तू देणं, हे मुलाने लेटरबॉक्समधून पत्रक उचललं म्हणून आपोआप लागत नाही. शाळेच्या किंवा क्लासच्या गेटवर कोणी मुलाच्या हातात दिलं असेल तर मात्र तसं जरूर लिहा.

बाहेर पडताना हातात काय पडलं ते पाहा. आवक शिक्का म्हणजे फक्त अर्ज पोचला. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, तपास आपोआप होत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि तुम्हाला तीच हवी आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगून ठेवलंय. आवाज न चढवता एवढंच विचारा की एन.सी. कोणत्या कारणाने.

ऑनलाइन तक्रार करणाऱ्यांचा घोटाळा तीन दिवसांवर होतो. ई-तक्रार पाठवल्यावर तीन दिवसांत पोलीस ठाण्यात जाऊन सही करायची असते, तरच ती नोंदीवर येते. लोक मेसेज आला की झालं समजतात. काही जण उलट समजतात, पत्रक मिळून तीन दिवस उलटले म्हणजे तक्रारच गेली. तसं नाही. तसंच नव्वद दिवसांचं. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवायची असते; तेवढ्यात प्रकरण निकाली निघेल असा त्याचा अर्थ नाही.

नोंद करून घ्यायलाच नकार दिला तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार टपालाने पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. प्रतिज्ञापत्र लागतं ते या टप्प्यावर.

औषधाच्या पत्रकांसाठी

अन्न व औषध प्रशासनाचं ठाण्याचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. टोल फ्री नंबर 1800222365. ‘औषधाची बाटली आणा, बिल आणा’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की कायद्याच्या व्याख्येत परिपत्रक, सूचना, लेबल, वेष्टन हे सगळं जाहिरातच आहे, पत्रक पुरतं. औषध विकत घेऊ नका. इथे रेंगाळू मात्र नका: पहिल्या गुन्ह्याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच असल्याने न्यायालयाला त्याची दखल वर्षभरातच घेता येते. कलम 294 ला ही मुदत तीन वर्षांची आहे.

पत्रक भिंतीवर किंवा खांबावर चिकटवलेलं असेल तर फोटो काढून महापालिकेच्या विभाग किंवा प्रभाग कार्यालयात विद्रूपीकरणाची तक्रार करा. तिथे फार अडत नाही.

पेपरची लाईन टाकणाऱ्या मुलावर राग काढू नका. पहाटे मिळालेला गठ्ठा तो तसाच पेपरात घालतो, त्याच्या हाती फार तर चार पैसे पडतात. तो आरोपी नाही, साक्षीदार आहे. महिन्याचं बिल घ्यायला जो येतो त्याच्याकडून पेपरच्या सेंटरचा पत्ता आणि नंबर घ्या आणि अर्जात घाला. पत्रकांचा गठ्ठा कोणी आणून दिला हे सेंटरवाल्याला ठाऊक असतं, आणि पोलिसांनी त्याचा जबाब घेतला की छापून घेणाऱ्याचं नाव बहुधा तिथूनच निघतं.