परराष्ट्र सेवेचा अर्ज आणि नॉन-क्रीमीलेअरचा घोळ

पब्लिक डिप्लोमसीत, म्हणजे परदेशातील पत्रकार, विद्यापीठे आणि सामान्य नागरिक यांच्यापुढे भारताची बाजू मांडण्याच्या कामात जायचे असेल, तर कोणती परीक्षा द्यावी, असे अनेक विद्यार्थी विचारतात. अशी वेगळी परीक्षा नाही. परराष्ट्र मंत्रालयाने 2006 मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि पुढे तो बाह्य प्रसिद्धी विभागात मिळवला. दूतावासांतील माध्यम व संस्कृतीविषयक पदांवर मुख्यतः परराष्ट्र सेवेतील अधिकारीच जातात आणि त्या सेवेत थेट प्रवेश मिळतो तो केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून. पदवी कोणतीही चालते, पत्रकारितेच्या पदवीला जादा गुण नाहीत. परीक्षेच्या वर्षी 1 ऑगस्टला वय किमान 21 असावे आणि 32 पूर्ण झालेले नसावे. ओबीसींना 3 आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षांची सवलत आहे.

अर्ज अडतात ते ओबीसी प्रमाणपत्रावर. राज्याचे नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उमेदवार ओबीसींतील सधन गटात मोडत नाही असे सांगणारे, प्रमाणपत्र तीन वर्षांपर्यंत चालू शकते, म्हणून आपले कागद तयार आहेत असे उमेदवार धरून चालतात; आयोगाला मात्र केंद्र शासनाच्या नमुन्यातील आणि ठरलेल्या मुदतीत दिलेले प्रमाणपत्र लागते. 2024 च्या परीक्षेसाठी ते 2020-21 ते 2022-23 या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर आधारलेले आणि 1 एप्रिल 2023 पासून अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत दिलेले हवे होते. सेतू केंद्रात नुसते ‘नॉन-क्रीमीलेअर द्या’ म्हटले की राज्याचाच नमुना हाती पडतो. ‘केंद्राचा’ हा शब्द आपणच आग्रहाने उच्चारावा आणि कागद हाती येताच, खिडकी सोडण्याआधी, त्यावर भारत सरकारच्या पदांचा उल्लेख आहे ना, हे वाचून घ्यावे. कारण दुरुस्तीसाठी परत गेल्यावर साहेब फिरतीवर असतात आणि त्या फिरतीची शिक्षा उमेदवार भोगतो.

मराठा उमेदवारांना राज्यात मिळणारे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रात लागू नाही. विमुक्त-भटक्यांचा राज्यातला प्रवर्गही तिथे वेगळा धरला जात नाही, त्यामुळे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत कोणत्या नावाने आहे, ते अक्षरशः ताडून पाहावे.

सेवांच्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा लिहिली नाही, तर गुणवत्ता यादीत वर येऊनही ती मिळत नाही, आणि एकदा सादर केलेला क्रम बदलता येत नाही.