रॉबर्ट बर्ड यांची सेनेटमधील कारकीर्द

बर्ड, रॉबर्ट कार्लाइल : (२० नोव्हेंबर १९१७ – २८ जून २०१०). अमेरिकी संसदेचे वरिष्ठ सभागृह असलेल्या सेनेटचे आजवर सर्वाधिक काळ सदस्य राहिलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते. ३ जानेवारी १९५९ पासून मृत्यूपर्यंत ते वेस्ट व्हर्जिनियाचे सेनेटर होते. लागोपाठ ९ निवडणुका त्यांनी जिंकल्या. त्याआधी ६ वर्षे ते प्रतिनिधिगृहात (कनिष्ठ सभागृहात) होते.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत आई वारल्यावर नातलगांनी त्यांना कोळसा खाणींच्या मुलुखात वाढवले. पेट्रोल पंपावर, मांसाच्या दुकानात आणि गोदीत वेल्डर म्हणून त्यांनी कामे केली. १९४० च्या दशकाच्या आरंभी ते कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेत होते आणि तिची स्थानिक शाखा त्यांनीच उभारली. पुढे त्यांनी याबद्दल वारंवार माफी मागितली. पण केवळ तारुण्यातली चूक म्हणून हे प्रकरण बाजूला सारता येत नाही. १९६४ चे नागरी हक्क विधेयक लांबवून अडवण्यासाठी ते सलग १४ तास १३ मिनिटे बोलत राहिले. १० जूनला त्यांचे भाषण संपले आणि त्याच दिवशी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चाबंदीचा (चर्चा थांबवून मतदान घेण्याचा) ठराव मंजूर झाला. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यालाही त्यांनी विरोध केला.

त्यांचे खरे बळ वक्तृत्वापेक्षा नियमांच्या अभ्यासात होते. १९७१ मध्ये एडवर्ड केनेडी यांना ३१–२४ असे हरवून ते पक्षाचे प्रतोद झाले. पुढे १९७७–८१ व १९८७–८९ या काळात ते सेनेटमध्ये बहुमतातील पक्षाचे, तर मधली ६ वर्षे अल्पमतातील पक्षाचे नेते होते.

१९८५ मध्ये आलेला, त्यांच्याच नावाचा ‘बर्ड नियम’ आजही सेनेटच्या कामकाजाला आकार देतो. एरवी विधेयकावरील चर्चा थांबवायला ६० मते लागतात. अर्थसंकल्पीय ‘रिकन्सिलिएशन’ (जमा-खर्चाचे कायदे अर्थसंकल्पाशी जुळवणारे) विधेयक मात्र साध्या बहुमताने मंजूर होते, कारण त्यावरील चर्चेचे तास ठरलेले असतात. या सवलतीच्या आडून भलतेच कायदे घुसडले जाऊ लागले. ते रोखण्यासाठी नियमात सहा कसोट्या आहेत. तरतुदीने जमा-खर्चात बदलच होत नसेल, झालेला बदल केवळ आनुषंगिक (मुख्य हेतू दुसराच) असेल, ठरलेल्या वर्षांपलीकडे तूट वाढत असेल किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेला हात लागत असेल, तर कोणीही सदस्य हरकत घेऊ शकतो. हरकत टिकली तर तेवढेच कलम गळते, बाकीचे विधेयक पुढे जाते. हरकत बाजूला सारायची तर पुन्हा ६० मते हवीत. मसुदा करणारे नेहमी अडखळतात ते ‘आनुषंगिक’ या कसोटीवर: २०२१ मध्ये ताशी १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद या नियमात बसत नसल्याचा सल्ला सेनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी दिला आणि ती वगळावी लागली.

१९८९ पासून सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विनियोजन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे तीनदा आले. एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेचे बोटांच्या ठशांचे केंद्र वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गला गेले, त्याच राज्यातील ग्रीन बँक येथे १०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. सरकारी पैसा आपल्याच राज्यात ओढल्याची टीका झाली. गरीब राज्याचा वाटा मिळवणे हे आपले कामच आहे, असे ते मानत.

तिजोरीचा आणि युद्धाचा अधिकार काँग्रेसचाच (अमेरिकी संसदेचाच), ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत धरली. खर्चातील एखादीच बाब रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणाऱ्या १९९६ च्या कायद्याविरुद्ध ते न्यायालयात गेले. सदस्यांना दाद मागण्याचा हक्क नाही म्हणून १९९७ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला; पुढच्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील बळाच्या वापराला ७७–२३ अशी मंजुरी मिळाली, तेव्हा ते विरोधातील २३ जणांत होते.