‘लार्ज सिस्टर’ कुठून आली?

तिसरीतल्या माझ्या भाचीने इंग्रजीच्या वहीत लिहिलं होतं, ‘माय लार्ज सिस्टर गोज टू कॉलेज.’ बाईंनी ‘लार्ज’भोवती लाल गोल काढला होता. वही घेऊन ती माझ्याकडे आली. ‘‘मावशी, यादीत लार्ज म्हणजे बिगच लिहिलंय. मग माझं चुकलं कुठे?’’

तिचं खरंच फारसं चुकलं नव्हतं. ‘बिग-लार्ज, स्मॉल-लिटल, हॅपी-ग्लॅड’ अशा जोड्या तिने घोकल्या होत्या. हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरावेत, असंच त्या यादीने तिला सांगितलं होतं. मी विचारलं, ‘‘डोळ्याला समानार्थी शब्द सांग.’’ तिने घडाघडा सांगितले, ‘‘नयन, नेत्र, लोचन.’’ ‘‘मग ‘आईने माझ्यावर नयन वटारले’ असं म्हणू या?’’ ती खो खो हसत सुटली.

वटारतात ते डोळे, शिबिर असतं नेत्रतपासणीचं आणि नयन येतात गाण्यात, हे तिला कोणी बसून शिकवलेलं नाही. मराठीतले हे शब्द तिला निरनिराळ्या वेळी, आपापल्या सोबत्यांबरोबर भेटले. इंग्रजीतले मात्र थेट यादीत, बरोबरीच्या खुणेने जोडलेले भेटतात.

लहान मूल नवा शब्द कसा पकडतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांचा १९७८ चा प्रयोग त्यात प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या मुलांपुढे दोन ट्रे होते. एकाचा रंग मुलांच्या ओळखीचा, दुसरा शेवाळी हिरवा. बाई सहज म्हणाल्या, तो ‘क्रोमियम’ ट्रे आण, आणि ओळखीच्या रंगाचं नाव घेऊन तो नको, असंही सांगितलं. रंगासाठी वापरलेला तो शब्द मुलांनी कधीच ऐकला नव्हता, तरी त्यांनी बरोबर ट्रे आणला. या रंगाला नाव आहे, तर नवं नाव त्या दुसऱ्याचं असणार, हा त्यांचा हिशेब. पुढे १९८८ मध्ये एलन मार्कमन आणि ग्विन वॉक्टेल यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांवर असेच प्रयोग केले. ओळखीची वस्तू दाखवून नवा शब्द उच्चारला, की मुलं तो त्या वस्तूच्या एखाद्या भागाचं नाव समजत. आख्ख्या वस्तूला आधीच एक नाव असताना दुसरं कशाला?

म्हणजे समानार्थी शब्द हा प्रकारच मुलाच्या स्वभावाविरुद्ध जातो. आणि मला वाटतं, इथे मूल आपल्यापेक्षा शहाणं आहे. बालभाषेच्या अभ्यासक ईव्ह क्लार्क यांचं म्हणणंही याच दिशेचं आहे. शब्द वेगळा असेल तर अर्थातही काहीतरी वेगळं असतं, हे मूल धरून चालतं. ते बरोबरच असतं. ‘लार्ज म्हणजे बिग’ असं ठासून सांगताना आपण त्याची हीच चांगली शंका दाबून टाकतो.

एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात, हे आपल्या मुलांना तसं नवीन नाही. घरात पाणी, शाळेत वॉटर, टीव्हीवर पानी. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड वर्षाच्या आसपासच्या बाळांची नजर कुठे वळते ते पाहिलं. ‘नवं नाव नव्या वस्तूचंच’ हा कल एक भाषा ऐकणाऱ्या बाळांत ठळक दिसला, दोन भाषा ऐकणाऱ्यांत पुसट, आणि तीन भाषा ऐकणाऱ्यांत दिसलाच नाही.

मग मुलं अडखळतात कुठे? जवळच्या अर्थाचे कोरे शब्द एकदम समोर आले, तर ते एकमेकांत गुंततात. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं. त्यांचे विद्यार्थी मोठे होते आणि शब्द बनावट होते, पण अर्थाने एका गटातले शब्द त्यांना सुट्या शब्दांपेक्षा शिकायला जड गेले. याउलट स्टुअर्ट वेब यांना २००७ च्या अभ्यासात, इंग्रजी शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांत, वेगळंच आढळलं. एक शब्द आधीच पक्का असेल, तर त्याचा समानार्थी शब्द सोपा जातो. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत. पहिला खुंटा घट्ट रोवलेला असेल, तरच त्याला दुसरा दोर बांधता येतो. ‘बिग’ आणि ‘लार्ज’ एकाच सकाळी नकोत. ‘बिग’ मुलाच्या तोंडात रुळू द्यावा, आणि ‘लार्ज’ नंतर कधीतरी शर्टाच्या मापाबरोबर येऊ द्यावा. ‘बिग सिस्टर’ म्हणजे मोठी ताई, आकाराने मोठी नव्हे, हेही मग आपोआप उलगडतं.

राज्यात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ इंग्रजी माध्यमाचा राहिलेला नाही.

इंग्रजीत असे शब्द इतके का, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. ‘बिगिन’ हा जुना घरचा शब्द, ‘कमेन्स’ फ्रेंचमधून आलेला. मुलांना हे पटतं, कारण आपल्याकडेही ‘तारीख’ अरबी-फारसीतून आली आणि ‘तिथी’ संस्कृतातून. आज तारीख किती आणि आज तिथी कोणती, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात हे आजीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला ठाऊक असतं.

भाचीबरोबर मी यादी बाजूला ठेवली आणि आम्ही घरात चालायला लागलो. इथे मराठीची एक गंमत उपयोगी पडते. चालण्याची तऱ्हा इंग्रजी बरेचदा क्रियापदातच भरते, तर आपण ‘चालणे’ तसंच ठेवून पुढे शब्द जोडतो. बाळ दुडुदुडु चालतं, ते ‘टॉडल’. जेवणानंतर आजोबा रमतगमत चालतात, तो ‘स्ट्रोल’. दुपारी कोणी झोपलेलं असताना चवड्यांवर चालायचं, तो ‘टिपटो’. काटा रुतला की लंगडत, म्हणजे ‘लिंप’. दिवसाला एकच शब्द, आणि तो पायांनी करून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी आधी कालचा करायचा, मग नवा. ‘हे सगळे वॉकचे समानार्थी’ असं मी एकदाही म्हटलं नाही. वॉकच्या आत किती जागा आहे, ते तिनेच शोधलं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘आजी चपला घासत चालते, त्याला काय म्हणायचं?’’ आम्ही शब्दकोश काढला. ‘शफल’ सापडला. तिने तो वहीत लिहिला नाही. आजीच्या मागे मागे, आपल्याही चपला फरशीवर घासत, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली.