बोकड घेण्याआधी : चरणाऱ्या कळपाचा दोन वर्षांचा हिशेब

(आमच्याकडून उस्मानाबादी बोकड नेणाऱ्या शेळीपालकांसाठी)

बोकड बघायला आलेला माणूस आधी किंमत विचारतो. ती आम्ही सांगतोच, पण त्याआधी हा कागद वाचावा ही विनंती.

धाराशिव, लातूर, बीड, नांदेडकडच्या बहुतेक शेळ्या बांधावर, माळावर, गायरानात चरून जगतात. चाऱ्याला रोख पैसा फारसा जात नाही, म्हणून "शेळीला खर्चच काय?" असं सर्रास म्हटलं जातं. खर्च आहे, आणि तो माणसाचा आहे. राखणारा घरचा असला तरी त्याचा दिवस जातोच. शेळी गाभण असो की भाकड, रोज तेवढाच पडतो. म्हणून नुसत्या शेळ्या मोजत बसू नका. दोन वर्षांत एका शेळीमागे किती करडं जगून बाजारात गेली, ते मोजा.

शेळी साधारण पाच महिने गाभण असते. व्याल्यावर तीन महिन्यांत पुन्हा गाभण राहिली तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात, बोकड वेळेवर न मिळून माज (गाभण राहण्याची वेळ) हुकत गेले तर दोनच. समजा तुमच्या दहा शेळ्या आहेत आणि वेताला सरासरी दीड करडू धरलं. उस्मानाबादीत जुळी नेहमीचीच. तीन वेतांची ४५ करडं. दहातलं एक दगावलं तरी ४० हाती राहतात. दोन वेतांची ३०, आणि देखभाल ढिली असून पाचातलं एक गेलं तर उरली २४. फरक १६ करडांचा. राखणदार तोच, माळ तोच. या १६ करडांना तुमच्या आठवडी बाजाराचा भाव लावा आणि मग बोकडाची किंमत शेजारी मांडून बघा.

तीन वेतांचं गणित आपल्याकडच्या ऋतूंवर असं बसतं. जूनच्या मध्यात शेळी भरली तर नोव्हेंबरात व्यायते. तेव्हा खरीप निघालेला असतो, रानं मोकळी असतात, शेळीला दूध भरपूर येतं. जपायचं ते रात्रीच्या थंडीला. फेब्रुवारीत भरलेली जुलैत व्यायते. हे वेत सगळ्यात नाजूक. ओल्या जमिनीवर करडांना हगवण लागते, छाती भरते, जंत वाढतात. तिथे चाऱ्याआधी कोरडी, थोडी उंच जागा करा. ऑक्टोबरात भरलेली मार्चात व्यायते, तेव्हा माळ करपलेला असतो. या वेतासाठी तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, बाभळीच्या शेंगा आधीच साठवून ठेवा आणि व्यायच्या महिनाभर आधीपासून शेळीला मूठ-दोन मूठ मका किंवा ज्वारीचा भरडा सुरू करा. करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजणं तिन्ही वेतांत सारखंच गरजेचं. कितीतरी करडं तेवढ्यावर वाचतात.

आता बोकडाकडे येऊ. आपल्या भागात एक गोष्ट सतत घडते आणि ती आम्हाला मनापासून खुपते. कळपातला सगळ्यात जोमदार नर आधी विकला जातो. व्यापारी त्याच्यावरच बोट ठेवतो, बियाणं-खताची नड असते, किंवा बकरी ईद तोंडावर आलेली असते. मागे राहतं ते किरकोळ पिल्लू, आणि तेच पुढच्या सगळ्या करडांचा बाप होतं. त्यात ते त्याच कळपातलं, म्हणजे आया-बहिणींवरच चालतं. चार-पाच वर्षांत करडं लहान जन्मू लागतात, मर वाढते, आणि दोष पावसाला दिला जातो.

एका बोकडाला वीस-पंचवीस शेळ्या पुरेत. राष्ट्रीय पशुधन अभियानातही १०० शेळ्यांना ५ बोकड हेच प्रमाण आहे. दोन वर्षांनी बोकड बदला, कारण तोवर त्याच्याच पाठी (मादी करडं) माजावर येऊ लागतात. घरचे नर तीन-चार महिन्यांचे झाले की वेगळे करा किंवा खच्ची करून घ्या. माळावर दुसऱ्याचा कळप मिसळत असेल तर धनगर बांधवांची जुनी रीत चांगली आहे : नको त्या बोकडाच्या पोटाखाली गोणपाट बांधायचं.

आमच्याकडे असो वा दुसरीकडे, बोकड घेताना त्याची आई बघायला मागा. ती जुळं देणारी आणि दोन्ही करडांना पुरेल इतकं दूध असलेली हवी. बोकडाचे दोन्ही अंड सारखे हवेत, मागचे पाय सरळ हवेत, आणि त्याला चार पावलं चालवून बघा. रंग काळा आणि कान लांब एवढ्यावर भाळू नका.

विकताना मात्र नजरेचा सौदा टाळा. साधा ताणकाटा झाडाला टांगला की करडू झोळीत घालून दोन मिनिटांत वजन कळतं. व्यापाऱ्याचा अंदाज रोजचा असतो, तुमचा वर्षातून चार वेळचा. ईदच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं आणि ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा कोणत्या वेताचा नर राखायचा हे तो जन्मतानाच ठरवा.

नेलेला बोकड निदान पंधरा दिवस कळपापासून वेगळा बांधा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) यांची लस कधी दिली, जंताचं औषध कधी पाजलं, हे आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. ती चिठ्ठी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. येताना आधीचा बोकड कुठून आणला होता ते आठवून या. आमच्याच रक्ताचा असेल तर तुम्हाला दुसऱ्या वळणाचा बोकड देऊ, आणि नसेल शिल्लक तर दुसऱ्या पालकाकडे पाठवू.