बौद्धिक ऱ्हास आणि प्रतिकारसंस्था
स्मरण, लक्ष, भाषा आणि नियोजन या क्षमता घटत जाणे म्हणजे बौद्धिक ऱ्हास. मज्जासंस्थेच्या अनेक विकारांत त्यामागे प्रतिकारसंस्थेचा हात असतो. कधी ती मूळ कारण असते, कधी मागाहून सामील झालेली. उपचार ठरतो तो यावरूनच.

मेंदूतली पहारेकरी पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये तिला स्वतंत्र ओळख दिली. मृत पेशींचा कचरा उचलणे आणि वाढत्या मेंदूतल्या नकोशा चेतासंधी (चेतापेशींमधले जोड) छाटणे ही तिची कामे. छाटायच्या संधीवर सी१क्यू, सी३ ही प्रतिकारसंस्थेची पूरक प्रथिने खुणेसारखी चिकटतात. अल्झायमरच्या उंदरांत ही छाटणी अवेळी, अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचण्याआधीच सुरू झालेली दिसते. रुग्णांतही विस्मृतीची तीव्रता थरांपेक्षा चेतासंधींच्या हानीशी अधिक जुळते.

मग प्रतिकारसंस्थेची ही चढाई, म्हणजे दाह, दाबला की झाले? तसे नाही. मायक्रोग्लियाचे काम चालवणाऱ्या ट्रेम२ जनुकातील आर४७एच या बदलाने अल्झायमरची जोखीम दुपटीहून अधिक वाढते, आणि त्यात मायक्रोग्लिया थरांभोवती नीट जमतच नाही: इथे दोष ढिलाईचा आहे. प्रेडनिसोन, नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक औषधांच्या अल्झायमरवरील चाचण्या फसल्या, त्यात नवल नाही.

स्वप्रतिकारक मेंदूदाहाचे, म्हणजे प्रतिकारसंस्था स्वतःच्याच मेंदूवर उलटते त्या आजाराचे, गणित उलटे: इथे तिला दाबणे हाच उपचार. एनएमडीए ग्राहकांविरुद्धची (चेतापेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या प्रथिनांविरुद्धची) प्रतिपिंडे (२००७ मध्ये वर्णन) ग्राहकांना पेशीच्या आत ओढायला लावतात; पेशी बहुधा जिवंत राहते, म्हणून स्मृती परतू शकते. एलजीआय१ या चेतासंधीतल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनतात त्या प्रकारात साठीच्या आसपासचा रुग्ण काही आठवड्यांत विसराळू होतो, चेहरा आणि त्याच बाजूचा हात दिवसातून अनेकदा क्षणभर आखडतो, रक्तातले सोडियम उतरते. यालाच ‘वयाचा डिमेन्शिया’ समजण्याची चूक महागात पडते. एमआरआय निर्दोष आला तरी शंका सोडू नये. रक्त आणि मणक्यातले पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) दोन्ही तपासावे, कारण एनएमडीए प्रकारात नुसत्या रक्ततपासणीतून निदान निसटू शकते. हर्पिससारखा संसर्ग वगळून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून देतात. जोडीला इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे), दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस. गुण न आल्यास रिटुक्सिमॅब, हे बी-पेशी घटवणारे औषध. एनएमडीए प्रकारात तरुणींच्या अंडाशयातील गाठ शोधून काढावी लागते. हर्पिसचा मेंदूदाह बरा झाल्यावर काही आठवड्यांनी हीच एनएमडीए प्रतिपिंडे उद्भवू शकतात. त्याला संसर्ग उलटला असे समजू नये.

प्रतिकारसंस्था चेतातंतूंवरचे आवरण पोखरते त्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही सुमारे ४० ते ६५ टक्के रुग्णांची आकलनशक्ती मंदावते, बहुधा विचारांच्या वेगापासून.