पार्श्वभूमी: सायबर संस्थेच्या खुर्चीत नौदलाचा अधिकारी कसा आला?

२०१९ च्या उन्हाळ्यात तिन्ही सेनादलांच्या नव्या सायबर संस्थेचा पहिला प्रमुख म्हणून नौदलातला एक रिअर अ‍ॅडमिरल (दोन ताऱ्यांचा अधिकारी) नेमला गेला. त्याच्या कामगिरीपेक्षा त्याच्या पांढऱ्या गणवेशाचीच चर्चा जास्त झाली. सैन्यात मनुष्यबळ सर्वाधिक लष्कराचे, मग ही खुर्ची सर्वांत छोट्या दलाकडे कशी गेली?

नौदल आणि संदेशवहन यांचे नाते तसे जुने आहे. १९४६ चे मुंबईतले नौसैनिकांचे बंड सुरू झाले तेच कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शिकवणाऱ्या तळावर. बिनतारी यंत्रे बंडवाल्यांच्याच हाती असल्याने बातमी दुसऱ्या बंदरांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ दूर अंदमानकडे ठेवून जुनी विनाशिका ‘राजपूत’वरून तिच्या नावाने संदेश सोडले गेले. शत्रूची पाणबुडी विशाखापट्टणमकडे वळवण्यासाठी टाकलेले ते जाळे होते. ती पाणबुडी नेमकी कशामुळे बुडाली, यावर मात्र आजही दोन्ही देशांत एकमत नाही.

असे असूनही भारतीय नौदलात गुप्तवार्तेचे वेगळे केडर, म्हणजे कायम त्याच कामात राहणाऱ्या अधिकाऱ्यांचा गट, कधी उभे राहिले नाही. अधिकारी तोफखाना, दिशादर्शन, पाणबुडीविरोधी युद्ध किंवा संदेशवहन यांपैकी एक विषय घेतो, जहाजावर जातो, मधली दोन-तीन वर्षे गुप्तवार्तेच्या टेबलावर काढतो आणि पुन्हा समुद्रावर परततो. वरच्या बढत्यांसाठी समुद्रावर जहाजाचे नेतृत्व केलेले लागते, टेबलावरची वर्षे तिथे फार उपयोगी पडत नाहीत. या पद्धतीचा एक फायदा मान्य करायला हवा. जहाजाच्या ब्रिजवर रात्री उभा राहिलेला अधिकारी कोणती बातमी कामाची आणि कोणती नुसती फाइल फुगवणारी, हे लवकर ओळखतो. पण सायबरचे काम अंगवळणी पडेपर्यंत त्याची बदली झालेली असते.

नौदलाला या विषयाचे चटके मात्र लवकर बसले. २००५ मध्ये दिल्लीच्या मुख्यालयातल्या वॉर रूममधली माहिती पेन ड्राइव्हवरून बाहेर गेल्याचे उघड झाले आणि कोर्ट मार्शल न करता तीन नौदल अधिकाऱ्यांना सेवेतून काढले गेले. २०१२ मध्ये विशाखापट्टणमच्या कमांडमधल्या संगणकांत घुसखोरी झाल्याचे छापून आले. हे संगणक इंटरनेटला जोडलेले नव्हते, शिरकाव झाला तो पुन्हा पेन ड्राइव्हमधूनच. याच बंदरात त्या वेळी अणुपाणबुडीची तयारी चालली होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, देशाचा पहिला खास लष्करी उपग्रह सोडला गेला तोही नौदलासाठी. जहाजे, विमाने आणि किनारा एका जाळ्यात आणणाऱ्या दलाला ते जाळे फाटण्याची धास्ती इतरांपेक्षा अधिक असणार, हे उघड आहे. सायबरच्या खुर्चीवरचा नौदलाचा दावा अगदीच पोकळ नव्हता, तो यामुळे.

खरा वाद आहे तो २०१८ च्या निर्णयाचा. माजी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्ये सायबर, अंतराळ आणि विशेष मोहिमा यांसाठी तीन संयुक्त कमांड सुचवल्या होत्या. सहा वर्षांनी मंजुरी मिळाली ती कमांडना नव्हे, संस्थांना. कमांडचा प्रमुख तीन ताऱ्यांचा असता (जितके तारे जास्त, तितके पद वरचे) आणि त्याला स्वतःचे अधिकारक्षेत्र असते. संस्थेचा प्रमुख दोन ताऱ्यांचा आणि संयुक्त मुख्यालयाच्या हाताखालचा. सुरुवातीचा आकडा बातम्यांत साधारण १००० माणसांचा होता. अमेरिकेत याच कामावर चार ताऱ्यांचा अधिकारी बसतो.

मग वाटप झाले. अंतराळ हवाई दलाकडे, विशेष मोहिमा लष्कराकडे, सायबर नौदलाकडे. तीन भावांत जमीन वाटावी तसे. टीकाकारांचा रोख या वाटपावर राहिला: पात्रता पाहून माणूस निवडला, की हिस्सा पाहून? आक्षेप खोटा नाही, पण मला तो दुय्यम वाटतो. कोणत्या दलाचा अधिकारी बसतो यापेक्षा तो कोणाला आदेश देऊ शकतो, हे जास्त महत्त्वाचे. आणि दोन ताऱ्यांच्या अधिकाऱ्याने तीन ताऱ्यांच्या कमांडप्रमुखांकडे त्यांची उत्तम माणसे मागायची असतील, तर उत्तर काय मिळेल हे फौजेत वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पदाची उंची आधीच कापली होती. हिश्श्याची चर्चा त्यानंतरची.

त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर २०१९ मध्ये, समाजमाध्यमांवरच्या मोहजाळातून माहिती फोडल्याच्या संशयावरून सात नौसैनिकांना अटक झाली. नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व फेसबुक बंद केले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता वर्तवली आणि केंद्राच्या ऊर्जा खात्याने मानवी चूक म्हटले. विजेचे जाळे या सैनिकी संस्थेच्या कक्षेत नाही, हे अनेकांना त्या वादातच कळले.

शिस्तीचा गुंता त्याहून जुना. नौदलाच्या कायद्याखालचा प्रमुख हाताखालच्या लष्करी जवानावर कारवाई करू शकत नसे. प्रकरण त्या जवानाच्या मूळ दलाकडे पाठवावे लागे. २०२३ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १० मे २०२४ पासून अशा संयुक्त संस्थांच्या प्रमुखांना दुसऱ्या दलातल्या माणसांवरही शिस्तीचे अधिकार मिळाले. पुढच्याच महिन्यात सायबर मोहिमांचा पहिला संयुक्त सिद्धान्त, म्हणजे त्या कशा चालवायच्या याची मार्गदर्शक चौकट, जाहीर झाला. संस्थेला कमांडचा दर्जा देण्याचा प्रश्न त्यात सुटलेला नाही.